पाठ झालेला नंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात निवृत्त मास्तरांच्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची लेक बसली होती.

"माझा नंबर मला पाठ आहे. तोच घालून चष्मा करू, चल घरी."

"बाबा, काल तुम्हाला पायरी दिसली नाही."

"लक्ष नव्हतं."

"मी लिहिलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम असाच हट्टी निघाला," लेक म्हणाली. " दर वेळी सेटिंगची फाइल वाचताना रखडायचा, म्हणून एकदाच वाचून लक्षात ठेवायला लावलं. मग फाइल बदलली, तरी हा जुनंच घोकत बसला."

"मग पुन्हा दर वेळी वाचायला लावलंस?"

"परत रखडला असता. आता फाइल बदललीय का, तेवढंच आधी बघतो. बदलली असेल तरच वाचतो."

"शहाणा आहे."

"आत्ता झाला."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. नर्स दारात आली होती.

"काका, जुना नंबर सांगा."

आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"तो राहू दे, सिस्टर. आधी बदललाय का ते बघा."