तुस्साचं सी-पेप्टाइड

सभेच्या अध्यक्ष सिग्ने, मंचावरचे पाहुणे, प्रयोगशाळेतले सहकारी, आणि जिला आज निरोप द्यायचा ती गुनवोर, सर्वांना नमस्कार. केक वाट बघतोय, तेव्हा थोडक्यात बोलते.

गुनवोरबरोबर कुत्र्यांचं सी-पेप्टाइड मोजण्याचं कामही आज थांबतंय. नमुने फार कमी येतात, हे कारण दिलं आहे. ते खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात दूर उत्तरेतल्या येम्टलँडहून हाल्वार गाडी चालवत इथे उप्सालाला आला. एल्क हरणांच्या शिकारीत तो नेत असे ती त्याची कुत्री तुस्सा, हिला माजानंतर मधुमेह झाला होता. इंजेक्शनांनी साखर आवरत नव्हती, डोळे जात होते. माजानंतर अंडाशयातून सुटणारं संप्रेरक इन्सुलिनला काम करू देत नाही; पण स्वादुपिंडात थोडा जीव उरला असेल, तरच अंडाशय काढून उपयोग. तो उरलाय का, हे सी-पेप्टाइड सांगतं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हाच ते तयार होतं, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये नसतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सप्टेंबरातच सुचवलं होतं. पण तेव्हा शिकार सुरू होत होती. शिकाऱ्यांची सगळी टोळी म्हणाली, "एवढी शिकार उरकू दे."

हाल्वारने बनियनच्या आतून रक्ताची नळी काढली. "बाहेर उणे पंचवीस. गोठू नये म्हणून छातीशी धरून आणलंय."

"पिल्लू आणलंस की रक्त?" गुनवोर, तू विचारलंस.

"जपायचं सारखंच ना?"

"नाही रे. उबेत हे नासतं. रक्तातलं वरचं पाणी वेगळं काढायचं, मग खुशाल गोठू द्यायचं."

तरी आम्ही मोजलं. जवळजवळ काहीच नाही. तू अहवाल दिला नाहीस. म्हणालीस, "हा आकडा कुत्रीचा की तुझ्या बनियनचा, कसं सांगू?" तो बराच हसला. खरं सांगायचं तर बनियनचाच असावा, असं मलाही वाटत होतं.

दुसरा नमुना गोठवलेला आला, अगदी नियमाप्रमाणे. त्यातही काही नव्हतं. "चाचणी पुन्हा लावून बघू?" मी विचारलं.

"कितीदा लावलंस तरी कुत्री तीच आहे," म्हणालीस, आणि फोन स्वतः केलास.

"म्हणजे बनियनचा दोष नव्हता?" त्याने विचारलं.

"नव्हता."

"असता तर बरं झालं असतं."

बर्फ वितळण्याआधी त्याने तुस्साला डॉक्टरांकडून कायमचं झोपवलं.

आपण त्याला दिलं तरी काय? एक खात्रीचं 'नाही'. उद्यापासून तेही देता येणार नाही. असे नमुने न उघडता परत पाठवायचे आहेत, आणि ते काम माझ्याकडे आहे.

गुनवोर, तुझे आभार. ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचेही. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर माफ करा.