कंबर नसलेली गांधीलमाशी

शेतीखात्याच्या त्या किडीच्या साहेबांचं नाव काढू नका, अजून डोकं फिरतं माझं! पंच्याण्णवच्या आसपास निफाडला आमच्या पेरूच्या खोडांना भोकं पडली, भुसा गळायला लागला. खोडावर पिवळ्या पट्ट्यांची माशी बसलेली. साहेब बांधावरूनच ओरडले, "गांधीलमाशी आहे, मित्रकीटक. मारू नका!"

म्हटलं, "साहेब, गांधीलमाशीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असती, हिला कंबर कुठंय? हा पतंग हाय, हात लावला की पूड निघती, गांधीलमाशीला पूड नसती. ह्याच्याच अळ्या खोड पोखरतात. जवळ येऊन बघा."

"चावली म्हणजे?"

मी नुसत्या हातानं पकडून त्यांच्यापुढं मूठ उघडली. साहेब पळत जाऊन जीपमध्ये बसले. तिथूनच वहीत लिहिलं, 'गांधीलमाशी. शेतकऱ्यास समज दिली.' वर म्हणतात, "सही करा."

सही येते मला. तरी अंगठाच उठवला, पतंगाची पूड लागलेला.