वेस्टफर्डचा बंब

— नाही गं, पिठाची पोती दारात नाहीत, दाराशेजारी आहेत. बघ, दार उघडतंय की — हां, थोडं अडतंय, पण उघडतंय. बरं, लिही. ‘पोती हलवणे.’ गेल्या वर्षी तुमच्या अग्निशमन दलाचा तो मिशीवाला आला होता, त्यानेही हेच लिहिलं होतं. मी हलवलीही होती, पण ती परत आली. तू बस ना. बसायची परवानगी नाही? मग गोड पाव तरी घे, आत्ताच भट्टीतून काढलाय — तोही चालत नाही? कमाल आहे. पूर्वी आमच्याकडे तपासणी म्हणजे जर्मानो. माझा नवरा. गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, बावीस वर्षं. तो यायचा, भट्टीकडे बघायचा, उभ्या-उभ्या अर्धा पाव खायचा आणि म्हणायचा, ‘झुल्मिरा, एक दिवस तू जळशील.’ झाली तपासणी.

तू वेस्टफर्डचीच ना? छातीवरच्या पट्टीवर थाओ नाव लिहिलंय — हो, तुम्हा थाओ लोकांची भाजीची शेतं आहेत तिकडे, स्ट्रॉबेरी फार सुरेख असते. मग तुला आमचं जुनं दल आठवायचं कारण नाही. कालव्याच्या अलीकडे सान अमारोत काय चाललंय ते पलीकडे वेस्टफर्डला कुणी कशाला बघेल? चार मैलांचं अंतर, पण आमचे आजोबा म्हणायचे, समुद्रापलीकडच्या अझोरेस या पोर्तुगीज बेटांवरून इथपर्यंत आलो ते ठीक, पण वेस्टफर्डला जायचं म्हणजे लांब पडतं! तर आमच्याकडे बारा जण होते. सगळे फुकटचे, हौसेचे. खाटीक, दोन गवळी, शाळेतला गणिताचा मास्तर, माझा भट्टीवाला तिबूर्सियो. पाण्याच्या टाकीवर भोंगा होता. तो वाजला की जो जिथे असेल तिथून पळत सुटायचा. तिबूर्सियो पाव तसेच भट्टीत टाकून पळायचा. गावात कुठे आग लागली की इकडे माझे पाव जळायचे — दोन्हीकडे धूर! लोक विचारायचे, ‘कुठे लागली?’ मी म्हणायची, ‘एक तर इथेच लागलीय.’

हो, ते आग विझवायचं नळकांडं भिंतीवर आहे, मागे. पावाच्या साच्यांच्या मागे. काढते थांब.

तर काय सांगत होते — हां, म्हातारे झाले गं सगळे. त्यात काय लपवायचं? पोरं शिकून सान होजेला गेली, इथे राहिले ते गुडघेदुखीवाले. वरून सरकारचे नवे नियम, इतके तास प्रशिक्षण, असले मास्क, तसले बूट. एकदा गवताच्या गंजीला आग लागली, भोंगा वाजला आणि आले तिघे. तिघेच! त्यातला मास्तर सर्दीने बेजार. आणि मग वेस्टफर्डच्या नगरपालिकेचं पत्र आलं, की तुम्ही करार करा, आम्ही तुमच्याच जुन्या अग्निशमन केंद्रात आमचा बंब ठेवतो, तीन पगारी माणसं, दिवसरात्र. पत्र छान होतं, सभ्य. पण गावात काय गहजब झाला म्हणून सांगू — अगं, वेस्टफर्ड! ज्यांच्या पोरांनी आमच्या शाळेच्या मैदानातला सिमेंटचा बैल चोरून नेला आणि हिरवा रंगवून परत आणून ठेवला, ते आमची आग विझवणार? शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. म्हातारा आव्हिला उठून म्हणाला, ‘आज बंब त्यांचा, उद्या आपल्या पोरींची लग्नंही त्यांच्यातच लावा!’ मागून त्याचीच बायको, देओलिंदा, म्हणाली, ‘तुझ्या दोन्ही नाती तिकडेच दिल्यात, खाली बस.’

हसतेस काय, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. म्हणजे हसले, पण लगेच सावरून बसले. कारण मतदान होतं. आमच्या गावच्या नगरपरिषदेत आम्ही पाच जण. दोघांनी हो म्हटलं, दोघांनी नाही. राहिली कोण? मी. मला वाटलं होतं परिषदेचा वकील म्हणेल, ‘बाई, तुमचा नवरा दलाचा प्रमुख, तुम्हाला मत देता येणार नाही.’ देवाची प्रार्थना केली होती तशी. पण तो म्हणतो, ‘त्यांना पगार नाही, मानाचं पद आहे, तुम्ही खुशाल मत द्या.’ खुशाल! जर्मानो शेवटच्या रांगेत बसला होता, दलाचा गणवेश घालून, इस्त्री मीच केलेली. मी पंपाचा दाब, विम्याचे दर, बारा जणांची वयं — सगळं वाचून दाखवलं. सगळं खरं होतं हं, एक अक्षर खोटं नव्हतं. आणि मग हात वर केला.

तो उठला, टोपी घातली, ‘ठीक’ म्हणाला आणि घरी गेला. बावीस वर्षांच्या कामाला एक ‘ठीक’. पुढचे चार महिने — मार्च ते जुलै — माझ्याशी बोलणं म्हणजे ‘मीठ दे’, ‘दूध संपलं’, ‘फोन तुझा’. भांडला असता तर बरं झालं असतं, मी पोर्तुगीज बाई आहे, भांडण मला येतं. आणि गाव? देओलिंदा आव्हिलाने तीन आठवडे कारखान्यातला पिशवीबंद पाव खाल्ला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दात नाहीत, पण माझ्या दुकानावरून ती पिशवी मला दिसेल अशी धरून जायची. चर्चच्या पवित्र आत्म्याच्या उत्सवात दरवर्षी मिरवणुकीसाठी पाव माझ्याकडून घेतात, त्या वर्षी मला सांगितलं, या वर्षी जरा कमी लागतील. कमी लागतील! शेजारच्या तीन गावांची माणसं जेवायला येतात आणि कमी लागतील.

काय? वाईट वाटलं असेल म्हणतेस? अगं, मला — हे बघ, तू सरकारी बाई आहेस, हे तुझ्या कागदावर लिहू नकोस. विमा, पंप, वयं हे सगळं खरं होतं, म्हणून माझं फावलं. एरवी मी काय सांगणार होते सभेत? त्याच्या आदल्या वर्षी, मी त्याच्या ट्रकमध्ये माझा उन्हाचा चष्मा शोधत होते. पुढच्या कप्प्यात चष्मा मिळाला, आणि तळाशी एक पत्र. डॉक्टरचं. हृदय कमकुवत झालंय, ओझं उचलायचं नाही, धुरात अजिबात जायचं नाही. वर तारीख बघितली तर आठ महिन्यांपूर्वीची! म्हणजे हा माणूस आठ महिने ते पत्र घेऊन फिरतोय आणि प्रत्येक भोंग्याला पळतोय. मी ते होतं तसं घडी करून ठेवून दिलं. विचारलं नाही. काय विचारणार? ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं तर गेलाच असता, वर पत्रही फाडलं असतं. त्यानंतर भोंगा वाजला की मी इथे, या टेबलाशी, पीठ मळत राहायची. नको तितकं मळायची. त्या दिवसांतला पाव फार घट्ट व्हायचा, लोक तक्रार करायचे. तर — त्याचं दल मी बंद केलं. अख्ख्या गावाचं दल, माझ्या एका नवऱ्यासाठी. हो, माहितीय कसं वाटतं ऐकायला.

त्याला? छे! त्याला नाही सांगितलं. आजपर्यंत नाही.

आणि मग गंमत बघ — गंमत कसली. जुलैत तुमचा बंब आला, जुन्या केंद्रात राहायला लागला, आणि पहिल्याच महिन्यात आव्हिलांचं स्वयंपाकघर पेटलं. भरदुपारी. देओलिंदाने सॉसेज तळायला ठेवलं आणि डुलकी लागली. चौथ्या रस्त्यावर. आता चौथा रस्ता आमच्याकडे दोन आहेत, रेल्वेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, घरांचे आकडेही सारखेच, आम्हा गाववाल्यांना ते कळतं. तुमचे लोक गेले पलीकडच्या चौथ्या रस्त्यावर! आणि मधे मालगाडी आली, ती काय संपतेय? नव्वद डबे! जर्मानो समोरच्या दुकानात टोमॅटोची रोपं घेत होता. धूर दिसला. भोंगा नाही, गणवेश नाही, पायात सपाता, आणि हा माणूस शिरला आत.

मला कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं. मी एप्रनवरच पळाले. पोचले तर तो फुटपाथवर बसलेला, शेजारी देओलिंदा ओरडतेय की माझी कढई बाहेर का फेकली म्हणून. तिला त्याने खांद्यावर घेऊन आणलं होतं, तिला काही सुद्धा झालं नव्हतं. आणि तो — भिजवलेल्या पिठाचा रंग असतो ना, तसा चेहरा. ओठ निळे. माझ्याकडे बघतोय आणि मी दिसत नाहीये त्याला. ज्याच्यासाठी मी सगळं गाव अंगावर घेतलं होतं, तेच माझ्यासमोर होत होतं, आणि तेही मी केलेल्या कराराच्या पहिल्या महिन्यात. मी वेस्टफर्डला आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली असेल — ये रे, ये, लवकर ये. आणि आला बंब कोपऱ्यावरून. दोघं आगीकडे धावले, एकाने ह्याच्या तोंडावर प्राणवायू लावला. आमच्या जुन्या बंबावर ती नळीच नव्हती, थाओ. भोंगा वाजून आमचे तिघे आले असते तर त्यांनी टोपी काढून उभं राहण्याशिवाय काय केलं असतं?

ॲम्ब्युलन्सने इस्पितळात नेलं, वाचला. छातीत आता ते हृदय चालवणारं यंत्र बसवलंय. दुसऱ्या दिवशी देओलिंदा माझ्याकडे पाव घ्यायला आली, म्हणाली, ‘दोन दे, एक कालचा धर.’ आणि जर्मानो आता बघतेस ना, रोज सकाळी तुमच्या केंद्रावर जाऊन बसतो, तुमच्या लोकांना गल्ल्या शिकवतो — कुठला नळ कुंपणाआड गेलाय, कोण म्हातारी एकटी राहते. तिथे त्याला खुर्चीसुद्धा दिलीय म्हणे. माझ्याशीही बोलतो, इतका बोलतो की —

काय?

तू होतीस? कुठे — ॲम्ब्युलन्समध्ये, मागे, त्याच्याजवळ? अगं मला फक्त एक हेल्मेट आठवतंय आणि हातमोजे. मला आत घेतलं नाही, मी पुढे बसले होते. तो तूच? मग इतका वेळ मी तुलाच सगळी — आणि बोलली का नाहीस? बोलायचं नव्हतं? बोलू नकोस म्हणून कुणी सांगितलं?

त्याने.

निरोप दिला होता. मला. मरतोय असं वाटलं म्हणून निरोप दिला, आणि इस्पितळात डोळे उघडल्यावर पहिली गोष्ट काय, तर ‘तिला सांगू नकोस’. अगदी त्याचंच काम. दोन वर्षं तू तो निरोप घेऊन फिरतेयस? पत्रं खिशात घालून फिरायची साथच आलीय का इथे? नको, सांगू नकोस. शब्द दिलायस ना. नको.

सांग.

‘तिने हात वर केला तेव्हा — मला बरं वाटलं.’

बरं वाटलं? ह्याला? अजून काय — ‘मी स्वतःहून थांबू शकलो नसतो.’ आणि मी पत्र वाचलंय हे त्याला माहीत होतं? कसं? पत्र परत ठेवताना माझा चष्मा तिथेच विसरले मी. पत्राच्या वर.

म्हणजे मार्च ते जुलै तो माझ्याशी बोलत नव्हता, ते रागाने नव्हेच —

थांब. थांब जरा. त्या खिडकीतून बघ, तो टोपीवाला रस्ता ओलांडतोय ना, तोच. दहाला कॉफीला येतो. तू त्याला काही सांगायचं नाहीस. मी काही ऐकलेलं नाही, तू काही बोललेली नाहीस. सही कुठे करायची, इथे? हा घे कागद. नाही, काही झालं नाही मला, भट्टीची धग आहे. जा आता, जा म्हटलं ना.