झेपच्या भुवईवरची खूण

"हॅलो?… हॅलो, कोण?… ठकू! अगं, तू होय! जरा मोठ्यानं बोल, डोक्यावर पंखा घरघरतोय… हो, ऑफिसातच आहे… झालं जेवण. तुझं?… बरं, बोल… काय?… काय म्हणालीस?… खरंच? शपथ?"

आई खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. कॉमिक्स छापणाऱ्या त्या कंपनीत खिडकीजवळचं टेबल तिचं, आणि पाठीमागेच साहेबांची काचेची केबिन. तिनं फोनला हाताचा आडोसा केला.

"समोरच्यांकडे?… त्यांच्या मालिकेत? आणि काम कुठलं?… काळोखी? अगं, म्हणजे मुख्यच की गं!… हो, हो… अगं ऐक ना, रडतेस काय, हसायचं सोडून!… मी? मी कुठे रडतेय, सर्दी झालीय मला… बाबांना सांगितलंस?… काय म्हणाले?… 'पैसे वेळेवर देतात का विचार.' वाटलंच मला!"

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडच्या इमारतीतले. तेही कॉमिक्सच छापत. इतकी वर्षं दोन्ही कंपन्या एकमेकींकडे खिडकीतून बघत आपापली पुस्तकं विकत होत्या. मग इकडच्यांनी आपल्या 'झेप'वर सिनेमा काढतो म्हणून जाहीर केलं, आणि आठवडा उलटायच्या आत तिकडच्यांनी 'काळोखी'ची टीव्ही मालिका जाहीर केली. तेव्हापासून नुसती चढाओढ. यांनी इमारतीवर पोस्टर लावलं की त्यांचं एक मजला जास्त उंच. त्यांनी सकाळी झलक दाखवली की यांची दुपारी तयार.

झेप ही उडणारी मुलगी आईनंच काढलेली, अगदी पहिल्या अंकापासून. चेहरा दिला होता तो आपल्या पोरीचा. तीच पोर मोठी होऊन नाटकांतून कामं करायला लागली, आणि सिनेमातल्या झेपसाठी निवड चाचणी देऊन आली, तेव्हा आईला वाटलं होतं, आता हिला नाही कोण म्हणणार?

"हं… कोण, ती जाहिरातीतली शाम्पूवाली?… हो, झेपसाठी तिलाच घेतलंय… मला सोमवारीच कळलं… अगं, कसं सांगणार होते? रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची… नाही, मला कुणी विचारलं नाही. मला कोण विचारतंय!… त्यांना नाव लागतं गं. पोस्टरवर खपेल असं नाव… तुझ्यात काही कमी नव्हतं. ऐकतेयस ना? काही म्हणजे काही कमी नव्हतं."

आईनं पेन्सिल परत हातात घेतली.

"मी? काही नाही, रेघा मारतेय… नेहमीचंच… अगं, काम म्हणजे काम, त्यात काय सांगायचं… कशाला खोदून खोदून विचारतेस?"

टेबलावर शाम्पूवालीचे फोटो चिकटपट्टीनं लावलेले होते. समोरून, बाजूनं, हसताना, चिडताना. सिनेमा यायच्या आत जुनी पुस्तकं नव्यानं छापायची होती, आणि त्यातली झेप पडद्यावरच्या झेपसारखी दिसायला हवी होती. आईला खोटं बोलणं जन्मात जमलं नव्हतं.

"…चेहरा बदलतेय. झेपचा… हो, तिच्यासारखा… सगळ्याच पुस्तकांत… अगं, मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाला तरी दिलं असतं. म्हटलं, कुणीतरी खसाखसा खोडण्यापेक्षा माझ्या हातानं… हॅलो?… ठकू?… हं. वाटलं, लाइन गेली… नाही, फार काही नाही, हनुवटी जराशी टोकदार केली की… हो, डोळेही… नाकही."

"काय?… भुवईवरची खूण?… नाही, ती ठेवलीय. त्यावरूनच ओळखतात ना वाचक… हो, शाम्पूवालीलाही चिकटवणार म्हणे, रोज मेकअप करताना… हसू नकोस. ठकू, हसू नकोस गं अशी."

ती खूण मुळात झेपची नव्हतीच. पोर पहिलीत असताना गळ्याला चादर बांधून कपाटावरून उडाली होती. उडाली म्हणजे आपटली. डाव्या भुवईवर खोक पडली, टाके घालावे लागले. पट्टी निघाल्यावर आरशात बघून तिनं असं काही भोकाड पसरलं की विचारू नका. मी घाण दिसते, मी शाळेत जाणार नाही, सगळे हसतील. तेव्हा आईनं पुढच्या अंकात झेपला ढगातल्या गिधाडाशी लढायला लावलं आणि तिच्याही डाव्या भुवईवर तशीच तिरकी खूण काढली. अंक छापून आल्या दिवशी पोर तो छातीशी धरून शाळेत गेली. घरी परतली ती मान ताठ करून. वर्गातल्या मुली म्हणे पेनानं भुवईवर तशी रेघ ओढून घेत होत्या.

"का गं? तुझ्या खुणेचं काय?… झाकायची? झाकायची म्हणजे?… रोज?… आणि शूटिंग नसेल तेव्हा?… बाहेर जातानाही?… पण का?… कोण वकील?… तुमच्या मालिकेचे?… हळू सांग, मला समजत नाहीये… खूण झेपची… झेप आमच्या कंपनीची… म्हणून काळोखीच्या तोंडावर ती दिसता कामा नये… अगं, पण ते तोंड तुझं आहे!"

दोन टेबलांवरून माना वळल्या. आईनं आवाज खाली आणला.

"हं… हं… मी?… साहेबांशी बोलू?… काय बोलू?… ठकू, त्यांना अजून माहीत नाही तू समोरच्यांकडे… नाही, घाबरत नाहीये… नाही म्हटलं ना… थांब. फोन ठेवू नकोस. मी टेबलावर ठेवून जातेय. इथेच थांब हं."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मुलीचं अभिनंदन सांगा. मनापासून सांगतोय. पण ती खूण आता कायद्यानं आपली आहे. मी एकदा सूट दिली, तर उद्या ते म्हणतील, खरी झेप आमच्याच मालिकेत आहे. आणि लोकांना पटेलही." आई म्हणाली, "पण खरंच आहे ते." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणूनच तर," ते म्हणाले. मग त्यांनी बेल वाजवली. "आता मुलगी तिकडे आहे म्हटल्यावर, बाई, सिनेमाचं काही तुमच्या टेबलावर ठेवता येणार नाही. समजून घ्या." तिनं विचारलं, "आणि झेप?" "झेप म्हणजेच सिनेमा आता," ते म्हणाले. "तुम्ही छोट्यांची रंगवायची पानं बघा. तीही महत्त्वाचीच आहेत."

"हॅलो… आहेस ना?… हो, भेटले… चांगलं बोलले गं. तुझं अभिनंदन सांगितलंय, मनापासून… नाही. ते जमत नाही म्हणाले."

शिपाई आला आणि शाम्पूवालीचे फोटो एकेक करून सोडवायला लागला. फोटोंखाली झेपची जुनी पानं होती. तीही त्यानं हलक्या हातानं उचलली, "बाई, माफ करा हं," असं पुटपुटत.

"आवाज?… काही नाही, टेबल आवरतायत… नाही, मला कशाला कोण काय बोलेल? माझं काम चालूच आहे… हे बघ, आता माझं ऐक. झाकून टाक ती… हो, झाकून टाक म्हणतेय मी… इतकी वर्षं रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटकं केलीस, ती काय एवढ्यासाठी हातातलं सोडायला?… नाही, त्यांची बाजू नाही घेत… ठकू… असं बोलू नकोस… मी तुझी आई आहे आधी, कंपनीची कुणी नंतर… बोल. अजून काय बोलायचंय ते बोल, मी ऐकतेय."

एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं, की तुझ्यासाठी आत गेले आणि झेप ठेवून आले. पण पोरीचा स्वभाव आईला पाठ होता. तिनं त्याच पावली मालिकेला रामराम ठोकला असता. म्हणून आई ओठ मिटून ऐकत राहिली. 'तुला कंपनी प्यारी' हेही ऐकलं, 'तूच पुसलंस मला' हेही ऐकलं.

"…झालं बोलून?… पाणी पी जरा… कोण हाक मारतंय तिकडे?… मेकअपवाले? आत्ता लगेच?… हां, संध्याकाळच्या आत पोस्टर लावायचं असेल. आमचं उद्या येतंय ना… मग जा, त्यांना थांबवू नकोस… नाही, एक मिनिट. त्यांच्याकडे दे फोन… दे गं, माझ्यासाठी दे."

"नमस्कार दादा. मी तिची आई… हो, हो… एक सांगायचं होतं. ती भुवईवरची जागा आहे ना, तिथे फार घासू नका. कातडी पातळ आहे तिथली, चटकन लाल होते… आणि एकदम जाड थर नको. बोलताना ती भुवई उचलते, थराला चिरा पडतील… आधी किंचित पिवळसर हात द्या, मग तिचा रंग… हो, चित्रं काढते मी… तिचा रंग मला ठाऊक आहे, दादा… करा तुम्ही. मी थांबते. नाही, मला कसली घाई?"

टेबल पार मोकळं झालं होतं. शिपाई जाता जाता फळीवरची धूळही पुसून गेला. पलीकडे एक डबी उघडल्याचा आवाज आला. पोर काहीतरी बोलली. काय, ते कळलं नाही. आईनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"हं, बोला दादा… झालं?… इतक्यात?… उजेडात बघितलंत?… अगदी जवळून?… अजिबात नाही दिसत?… बरं… छान झालं मग… तिच्याकडे देता जरा?… गेली होय फोटोला… नाही, नाही, बोलवू नका. काम आहे तिचं… निरोप?… नाही, निरोप काही नाही… बरं. ठेवते."