चौथ्यातून दुसरा

क्रिसांतो : …वळण आलं की डावं पॅडल दोनदा ओढायचं, बस्स! चौथ्यातून दुसरा गिअर असा अलगद पडतो म्हणून सांगू. एफ्रेन, अख्ख्या बानावे रस्त्यावर तुझ्यासारखा वायरिंगचा माणूस नाही.

एफ्रेन : बसा, कुया. वहिनी, तुम्हीपण बसा. केळ्याचं तुरोन आणलंय, गरम आहे.

लुदिविना : त्यांना तळलेलं नको देऊस रे. डॉक्टर ओरडतात.

क्रिसांतो : गप गं. आज आनंदाचा दिवस आहे. झटका आला, डावा पाय लुळा पडला, तेव्हा वाटलं क्लच गेला म्हणजे मीही गेलो. ऑटोमॅटिक गाडी म्हणजे बसवून फिरवायची पालखी, असं मीच म्हणायचो. पण याने स्टिअरिंगमागे ही दोन पॅडल लावली आणि तीन आठवड्यांत मी माणसात आलो. रविवारी मॉलच्या पार्किंगात शर्यत आहे. नाव दिलंय मी.

एफ्रेन : कळलं. म्हणूनच बोलावलं. गिअर बदललेला नीट कळतो ना?

क्रिसांतो : कुणाला विचारतोयस? समोरच्या गिअरच्या आकड्यावर काळी पट्टी कुणी लावायला सांगितली तुला? मीच ना? गिअर बघायचा नसतो, ऐकायचा असतो.

एफ्रेन : तीन आठवडे ऐकताय. एकदाही शंका नाही आली?

क्रिसांतो : एकदाही नाही.

एफ्रेन : वहिनी, तुम्हाला?

लुदिविना : मला काय कळतंय? हे विचारतात, “ऐकलंस?” मी म्हणते, “हो.” माझे कान मासळीबाजारातले, असं लग्न झाल्यापासून ऐकतेय.

एफ्रेन : कुया, गाडीपाशी चला. जरा वाका. स्टिअरिंगखाली बघा. टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली पिवळी वायर दिसते?

क्रिसांतो : दिसते. कसली आहे?

एफ्रेन : पॅडलची. गिअरबॉक्सकडे जाणारी. ती मी जोडलेलीच नाही.

क्रिसांतो : म्हणजे?

एफ्रेन : म्हणजे तीन आठवडे तुम्ही नुसत्या दोन पट्ट्या ओढताय. गाडी तिच्या मनाला येईल तेव्हा गिअर बदलतेय, आणि तुम्ही मला फोन करून सांगताय, कसा अलगद पडतो ते.

लुदिविना : अरे देवा.

क्रिसांतो : मला कुया, दादा म्हणतोस आणि आजारी माणसाची थट्टा करतोस? चार लोकांत तोंडघशी पडलो असतो मी! आणि मी मूर्ख, मागचं सगळं विसरून तुझ्याच दारात आलो. मनात काही ठेवलं नाही मी, एफ्रेन.

एफ्रेन : तुम्ही नाही ठेवलंत? तुम्ही?

लुदिविना : नको रे. जाऊ दे.

एफ्रेन : चोवीस वर्षं जाऊच दिलं, वहिनी. माझा धाकटा भाऊ, निलो. एकवीस वर्षांचा. मांडीवर नकाशा घेऊन यांच्या शेजारी बसला होता. बागिओच्या घाटातल्या शर्यतीत गाडी दरीत गेली. तो गेला, हे वाचले. आणि पायावर उभे राहिल्याबरोबर माझ्या आईकडे गेले. काय सांगितलंत तिला?

क्रिसांतो : खरं तेच. चौथ्यातून दुसरा टाकला होता मी. पडलेला ऐकला. मग सुटला. तू बांधलेल्या गिअरबॉक्सने दगा दिला.

एफ्रेन : तो गिअरबॉक्स मी ह्या हातांनी उघडला. चौथ्यातच होता. त्याचा एकही दात मोडला नव्हता. दुसरा पडलाच नव्हता, कुया. तुमचा हात चुकला. पण माझं कोण ऐकतंय? क्रिसांतोने ऐकलं म्हणजे झालं! निलोसाठी नऊ दिवस घरात प्रार्थना चालली, आणि आईने मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मरेपर्यंत माझ्या हातचा भात खाल्ला नाही तिने.

क्रिसांतो : मी ऐकला होता रे…

एफ्रेन : हो. या तीन आठवड्यांत ऐकलात ना, अगदी तसाच.

लुदिविना : अहो, बोला काहीतरी. निदान त्याच्याकडे बघा तरी.

क्रिसांतो : वायर जोड.

एफ्रेन : जोडतो की. काम ते काम. दोन मिनिटं लागतील.

क्रिसांतो : आणि चल माझ्याबरोबर. दाखवतो तुला.

एफ्रेन : येतो. निलोच्या जागेवर बसतो.

क्रिसांतो : लुदी, तूही चल.

लुदिविना : मी नाही येत. माझ्या कानांचा काय उपयोग तुम्हाला?

(गाडी रस्त्याला लागते.)

एफ्रेन : आता खरंच जोडलंय. आकड्यावरची पट्टी काढू?

क्रिसांतो : नको.

एफ्रेन : बरं. वळण आलं. ओढा डावं.

क्रिसांतो : ओढलं.

एफ्रेन : अजून एकदा.

क्रिसांतो : ओढलं.

एफ्रेन : ऐकू आला?

क्रिसांतो : थांब जरा.

एफ्रेन : कुया, ऐकू आला का?

क्रिसांतो : एफ्रेन… बदलला का रे?