साडेपाच की अकरा

(पांढरकवड्याच्या बाजूचं एक धरण. सकाळ. होडीत दोघंच : पाण्याची खोली मोजायला आलेली सर्वेक्षक शीला आणि होडीवाला पूनमसिंग.)

पूनमसिंग : इथं नाई मॅडम. भिंतीजोळ करू ना. तिथं पानी कसं निवांत राह्यते.

शीला : भिंतीजवळ लाटा उलटून येतात काका. इथं वारा नाही. टाका नांगर.

पूनमसिंग : दोन हात पुढं घेतो मंग.

शीला : राहू द्या, इथंच. यंत्र जुळवायला अर्धा तास पुरे. एकदा ते जुळलं की दुपारचा वारा सुटायच्या आत अर्धा तलाव फिरायचाय. ही साखळी धरा. दर मीटरला लाल खूण आहे, खाली लोखंडी थाळी बांधलीय. दोनवर सोडा.

पूनमसिंग : सोडली.

शीला : थाळी दोन मीटरवर, आणि यंत्र म्हणतं एक पंच्याण्णव. पाण्यातला आवाजाचा वेग जरा वाढवते... हां. आता दोन. चारवर सोडा.

पूनमसिंग : आवाज करते का हे? मले तं काईच ऐकू नाई येऊन राह्यलं.

शीला : आपल्या कानाला येत नाही. हा सेन्सर खाली हाक मारतो, ती तळाला लागून परत येते. किती वेळात आली, त्यावरून खोली.

पूनमसिंग : अन् तळात कोनी असलं तं?

शीला : मासा असला तर ठिपका दिसतो.

पूनमसिंग : माशाचं नाई म्हनत मी.

शीला : मग कोणाचं? अहो काका, साखळी का सोडली हातातून? बरं झालं वर बांधली होती.

पूनमसिंग : खालून हिसका आला.

शीला : होडी हलली असेल. द्या, मीच धरते. चारला चार, अगदी बरोबर. आता थाळी वर घेऊन तळ बघू. साडेपाच. साडेपाच... अरे, अकरा?

पूनमसिंग : होडी फिरली.

शीला : होडी फिरली म्हणून तळ दुप्पट खाली जातो का? हे बघा, पुन्हा साडेपाच. पुन्हा अकरा. बरोब्बर दुप्पट! काही नाही, यंत्र फसतंय. आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पाठीवर आपटून परत खाली जातो. दोन फेऱ्या झाल्या की खोली दुप्पट दिसते.

पूनमसिंग : म्हंजे अकरा खोटं?

शीला : खोटं. इथल्यापुरती आठ मीटरची मर्यादा लावते. त्याच्या खालचं यंत्र बघणारच नाही.

पूनमसिंग : मंग नकाशात इथं काय दिसन?

शीला : सपाट जमीन.

पूनमसिंग : कायमची?

शीला : पुढचा सर्वे होईपर्यंत. पंधरा-वीस वर्षं तरी. लावू?

पूनमसिंग : लावा. लावून टाका मॅडम.

शीला : हे बघा, आठ टाकला. आता बटण दाबलं की झालं.

पूनमसिंग : थांबा. नका लावू.

शीला : काहून?

पूनमसिंग : अकरा खरं हाय. विहीर हाय तिथं, आमच्या तांड्याची. धरनाचं पानी आलं, तांडा वर टेकडीवर गेला. विहीर कुठं नेता? बुजवाची होती, कोनी बुजवली नाई.

शीला : मग आधी नाही का सांगायचं! थांबा, आवाजाची ताकद कमी करून बघते. खोटं उत्तर असेल तर गळून पडेल... नाही पडत. अकराच. थाळी सोडून एकदा खात्री करू—

पूनमसिंग : लोखंड नका सोडू तिथं! गुलाब हाय तिथं.

शीला : कोण गुलाब?

पूनमसिंग : माहा लहाना भाऊ. गुलाबसिंग. अठरा वर्सं झाले. उन्हाळ्यात पानी उतरलं होतं, आमचं जाळं अटकलं. म्या गोटा बांधून दोरी सोडली अन् त्याले म्हनलं, दोन पुरुस पानी हाय, दोन मानसाच्या उंचीयेवढं, उतर. तो म्हने, 'भिया, विहीर इथंच होती ना?' म्या म्हनलं, ते तिकडं लिंबापाशी. तू उतर.

शीला : तुम्हाला माहीत होतं?

पूनमसिंग : गोटा एक डाव दोन पुरुसावर टेकला. दुसऱ्या डाव टेकलाच नाई. माहीत कसं नसन? पन सांगतलं असतं तं तो उतरला नसता, अन् जाळं नवं होतं.

शीला : मग?

पूनमसिंग : दोरी त्याच्या कंबरेले होती. दोन हिसके आले. ओढली तं येच ना, जाळ्यात गुतला असन. मले पोहता येते मॅडम. चांगलं येते. मी नाई उतरलो. मंग दोरीच सोडून देली. अजून इंजन धरलं का, बैलाचा कासरा धरला का, हाताले हिसका लागते. दोन डाव.

शीला : तांड्यात काय सांगितलंत?

पूनमसिंग : म्हनलं, माह्यासंगं भांडून गेला. पांढरकवड्याले ट्रकात बसताना पाह्यला, हैदराबादकडे गेला. आमची याडी, माय आमची, वाट पाहून पाहून मेली. अन् जया, त्याची बायको... तिनं चुडा नाई उतरवला अजून. दर दिवाळीले त्याच्यासाठी शर्ट आनते, पेटीत ठेवते. यंदा मले पुसते, 'दादा, त्याइले आता मोठं माप लागत असन ना?'

शीला : तुम्ही काय म्हणालात?

पूनमसिंग : म्हनलं, हो. एक माप मोठं घे.

शीला : काका... मी तर मिटवतच होते हे. तुम्ही गप्प राहिला असता तर कोणाला कळलं नसतं.

पूनमसिंग : तेच मागत होतो न मी इतके वर्सं, का कोनी मिटवाव. तुम्ही मिटवाले लागल्या अन् माह्यानं पाह्यलं नाई गेलं. एक डाव म्या बुडवला त्याले. दुसऱ्या डाव तुमच्या हातानं बुडला असता.

शीला : मी पण इकडचीच, बोरी अरबची आहे. आमच्याकडेही एक काकू अशीच दाराकडे बघत बसायची. म्हणून सांगते, हे मी लपवणार नाही. नकाशात विहीर लिहीन. साहेबांना सांगेन, पोलिसांनाही कळवावं लागेल.

पूनमसिंग : कळवा. मी कुठं पळत नाई. पन त्याइच्या आधी जयाले माह्या तोंडून समजलं पाह्यजे. येवढा टाइम द्या.

शीला : चला. नांगर मी ओढते, तुम्ही होडी वळवा. घरी असेल का ती आत्ता?

पूनमसिंग : असन. मी गेलो का पह्यले पान्याचा गिलास आनून ठेवते समोर. अठरा वर्सं पीत आलो. आज पह्यले सांगतो. मंग तिनं देलं तं पितो.