जिन्याखालचे तीस सेकंद

हॅलो?

हां, मीच गं. सोयराबाई. या घरात दुसरं कोण फोन उचलणार? आमच्या यांना, म्हणजे तुझ्या अण्णांना, फोन वाजलेला कळतो, उचलायचा असतो हे कळत नाही.

ईरा… ईरा, सावकाश. शहराच्या त्या टोकाच्या महादेवपुऱ्यापासून इथं गवीपुरमपर्यंत पळत आल्यासारखा श्वास लागलाय तुला.

काय केलं मी?

…

हो. मीच लिहिलं.

हो, हो… तेही मीच.

सगळ्यांना नाही गं! ज्यांनी तुमच्या खेळाला अंगठा खाली केलाय, त्यांनाच. एक्केचाळीस जण होते. परवा दुपारी बसले, दोन दुपारी लागल्या.

अगं, तूच नाही का उघडून ठेवून गेलीस? घर बदललंस तेव्हा म्हणालीस, अक्का, माझं हे खातं बंद करू नका, अण्णांना गेमचं नवीन काही तपासायचं असलं की इथंच येईल. नाही केलं बंद. मग त्यातच लोकांची पत्रं दिसायला लागली.

मतं, मतं. मत म्हणजे पत्रच की. आणि प्रत्येकाच्या खाली लिहिलेलं, 'उत्तर द्या'. घरी पत्र आलं आणि उत्तर दिलं नाही, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही.

तुझं नाव दिसलं? माझं नाही?

अय्यो.

म्हणजे जगाला वाटलं, हे ईरानंच विचारलं?

एकच वाक्य होतं गं. सगळ्यांना तेच. 'ऊटा आयता?'

मग काय विचारायचं? रागावलेल्या माणसाला आधी जेवलास का ते विचारावं. तू वरच्या खोलीत राहायला आलीस, तेव्हा पहिल्या दिवशी जिन्यात मी तुला हेच विचारलं. तू घाबरून म्हणालीस, सॉरी आंटी, नो कन्नडा. मी म्हटलं, मग मराठीत जेव! आम्ही चारशे वर्षांपूर्वी आलोय इथं, तुझ्या आधी थोडंसंच…

हसलीस. हसलीस ना? चल, जीव आला.

कोण नाही हसत?

जितेंद्र? त्याला दे फोन. काय म्हणे कंपनीची शोभा गेली? दोघांची कंपनी तुमची. त्यातला एक माझ्या घरी पायात मोजे घालून अंबाडीची भाजी खाऊन गेलाय.

बरं, नको देऊस.

…

आज पाचला? पाचला काय?

नाही, मला नाही कळलं. परत सांग.

काढणार?

कुठली… खेळातली माझी खोली? जिन्याखालची?

…

आहे, आहे. फोनवरच आहे. कुकरचा गॅस बारीक करत होते.

ऐकतेय. बोल.

हं.

हं… निम्मे अंगठे खाली आहेत ते त्या खोलीमुळे. हं. वेग तुटतो. घड्याळ लावून खेळणारे चिडतात. सरी, बरं. आणखी?

अगं, मला काय समजावतेस! कालच शेजारच्या देवश्रीला मी सगळा खेळ समजावला. म्हटलं, 'लिफ्ट बंद आहे' असं नाव आहे. इमारतीची लिफ्ट बिघडलीय, मेकॅनिक खिळे मारायची बंदूक घेऊन एकेक मजला साफ करत वर जातो. मेला की परत तळमजला. आणि परत येऊन बघतो तर सगळे मजले बदललेले, कालचं आज काही कामाचं नाही. देवश्री म्हणाली, अक्का, हे तर आपलं घरकाम. याला लोक खेळ म्हणतात?

हो ना! खरंच म्हणाली.

आणि मग तिला ती खोली दाखवली. चूल, कॉफीची किटली, आणि मी. ती लगेच म्हणाली, ही तुम्हीच. पदर तसाच खोचलाय.

ओळखणारच. दुसुतीच्या कापडावर चाळीस वर्षं भरतकाम केलंय मी. चौकटी मोजून माणूस उभा करणं मला शिकवायला नको. पडद्यावरच्या माझ्या नाकाला तीन चौकटी दिल्या होत्यास तू. मी एकच ठेवली.

…

नाही, वाईट नाही वाटलं.

वाटलं स्वल्प. पण त्यासाठी नाही सांगत मी. तू ऐक ना. हे लोक काय म्हणतात ते तू कधी वाचलंस?

आकडे नव्हे गं. ते लिहितात ते. शब्द.

बघ. वाचलंच नाहीस. जितेंद्र आकडा सांगतो आणि तू लगेच खोली काढायला निघतेस. मी वाचलंय सगळं. फोन कन्नडमध्ये करून देतो, जसं देतो तसं. थांब, चष्मा…

हां. हा बघ, ब्राझीलचा. म्हणतो, 'बंदूक उत्तम, चित्रं उत्तम, म्हातारी कंटाळवाणी. एकशेदहा तास खेळलो.' एकशेदहा तास! लग्नात तीनदा वाढून घ्यायचं आणि निघताना साराला नाव ठेवायचं, त्यातला हा. याला मी विचारलं, ऊटा आयता. यानं काय लिहिलं माहितीय?

'नाही. खेळण्याच्या नादात राहून गेलं.' आणि दोन तासांनी, 'आता जेवलो. भात आणि काळी डाळ. धन्यवाद, अम्मा.'

अंगठा? नाही, अंगठा खालीच आहे अजून. पण जेवला की नाही?

हो, कोणीतरी आपल्या इथल्यानं खाली समजावलंय सगळ्यांना, याचा अर्थ काय ते. आता लोक आपणहून सांगतात. एक म्हणतो, पाव आणि चीज. एकजण म्हणतो, तीन दिवसांत मला कोणी हे विचारलं नव्हतं.

…

आता ही. ही मी रविवारी वाचली, आणि मग अण्णांना वाचून दाखवली. नर्स आहे. कुठली ते नाही लिहिलं. म्हणते, 'ड्यूटी करून येते, कपडे न बदलता एक डाव खेळते. बाकी खेळ मला येत नाही, दुसऱ्या मजल्यावर मरते. पण जिन्याखालच्या त्या खोलीत अर्धा मिनिट मला कोणी हाक मारत नाही. ज्यानं ही खोली केली त्याचे आभार.'

ऐकतेयस ना?

आणखी एक छोटं आहे. 'माझे सांधे दुखतात. मला वाटलं, माझ्यासारखं कुणीतरी आधी खेळून गेलंय.' बस, एवढंच.

ईरा, याला कसं कळलं गं?

…

बरोबर. मी तेच म्हणते. गेलंच होतं की.

तुला नसेल वाटत, पण मी तुझे एकदाही नीट आभार… नाही, बोलू दे. तू वर भाडेकरू. तुझा काय संबंध? यांना झटका आला, उजवा हात गेला. सरकारी कारखान्याच्या टूल रूममध्ये अवजारं तपासत पस्तीस वर्षं ज्या हातानं केसाएवढा फरक ओळखला, त्याला चमचा धरवेना. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी रबराचा चेंडू देऊन गेली, रोज दाबा म्हणाली. यांनी तो गॅलरीतून खाली टाकला. तीन चेंडू टाकले. रस्त्यावरची कुत्री खूश.

आणि तू एक दिवस आलीस. 'अण्णा, माझ्या गेमचं तपासणीचं काम आहे, माणूस मिळत नाही, जरा बटण दाबून बघता?' व्यायाम म्हणाली नाहीस. काम म्हणालीस.

मग काय! वही काढली. 'तिसरा मजला, डावी भिंत. शत्रू भिंतीतून येतो. नामंजूर.' 'बंदुकीचा आवाज उशिरा. नामंजूर.' आठ महिन्यांत एकदाच 'मंजूर' लिहिलं, तेही छताच्या पंख्याला.

हो, पंखा सुंदर फिरतो तो.

पण थांबायचे नाहीत गं. बोटं वाकडी व्हायची, घाम यायचा, मी म्हणायची पुरे, ऐकायचे नाहीत. तुला मी रडत सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी तू ती खोली करून आणलीस. आत गोळी नाही, शत्रू नाही, आणि दार बंद. तीस सेकंद. कितीही बटणं दाबा, उघडत नाही. काय भांडले होते तुझ्याशी! 'दार अडकलंय. नामंजूर.' तू म्हणालीस, 'दुरुस्त करते, अण्णा.' आणि केलंच नाहीस.

त्या अर्ध्या मिनिटात ते हात मांडीवर ठेवायचे. मी तेल लावायची. आज ते शर्टाची गुंडी स्वतः लावतात, ईरा. माझ्या घरात यासाठी नवस झाले. गुण कशानं आला, ते मला माहितीय.

…

रडू नकोस. मी रडवायला नाही सांगितलं. म्हणजे, थोडं त्यासाठीच सांगितलं.

हो… हो, कळतं मला. खोली राहिली तर खेळ पडतो, तुमचं वर्षभराचं काम वाया जातं. तेही खरं. तो घड्याळवाला पोटतिडकीनं बोलतो, त्याचंही चुकलं नाही. बंद दाराला माणूस लाथ मारणारच.

मग कसं करायचं?

नाही. अण्णांना नाही सांगितलं अजून. कसं सांगू? मलाच आत्ता…

अगं बाई.

काही नाही. मागेच उभे आहेत. केव्हापासून, देव जाणे.

अहो, बसा. ईरा आहे.

बोलता का तिच्याशी? … धरा.

…

नको म्हणतात. मान हलवतायत. टेबलाशी जाऊन बसले.

नाही गं, रागावलेले नाहीत. रागावले की डावी भुवई वर जाते. भुवई जागेवर आहे.

कॉम्प्युटर उघडला. काय करताय? अहो, काय करताय?

म्हणतात, तोंडी शेरा चालत नाही. शेरा लेखी लागतो, सहीनिशी. कारखान्याची पद्धत!

थांब, ते… ईरा, ते मतांच्या पानावर गेलेत. स्वतःच्या नावानं. सातशे तास खेळलेत आणि मत दिलं नव्हतं, तुला माहितीय? मी विचारलं तर म्हणाले, काम पुरं झाल्याशिवाय शेरा देत नाहीत.

लिहितायत.

उजव्या हातानं. एका बोटानं.

थांब गं, पाचला अजून बराच अवकाश आहे. जितेंद्रला सांग, कशाला हात लावू नकोस. सांग, तपासनीस बसलेत.

'ख'… सापडत नाहीये. मधल्या ओळीत बघा, उजवीकडे. मी मदत करू का… बरं, बरं, नाही करत.

नाही, ओरडले नाहीत. बघितलं फक्त.

तू आहेस ना? कापू नकोस हं.

…

…

झालं. दाबलं. अंगठा… अंगठा वर!

वाचते. नीट ऐक. 'खोली मंजूर.' पूर्णविराम. 'कुलूप नामंजूर.' पूर्णविराम. 'आता कोंडावं लागत नाही. आपण होऊन बसतो. आभारी आहे. सयाजी, निवृत्त, तपासणी विभाग.'

…

ईरा?

आहेस का?

मला नाही समजत त्यातलं. म्हणजे खोली राहील, दार उघडं ठेवायचं? ज्याला घाई आहे तो सरळ पुढं जाईल. ज्याला बसायचं तो बसेल. असंच ना?

हो म्हणतात. एवढं सोपं होतं, म्हणतात, वहीत तेव्हाच लेखी दिलं होतं.

एकच आकडा बदलायचा? तिसाच्या जागी शून्य? मग एवढा वेळ आपण काय करत होतो गं!

जितेंद्र काय म्हणतो?

आकडा बदलायला बसला? चांगलं लक्षण आहे. त्याला विचार, ऊटा आयता?

बघ! मला वाटलंच. उपाशी माणूसच म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढायचा विचार करतो.

पाठवलंत? बघते… हो, आलं काहीतरी. निळी पट्टी सरकतेय. अर्ध्यावर… अहो, हात नका लावू, येऊ दे… आली. पूर्ण आली.

सुरू केला. पहिला मजला. एवढे खिळे कशाला मारताय त्या बिचाऱ्या वटवाघळाला? … दुसरा. लागली एक गोळी. लागू दे.

जिना.

गेले आत. मी आहे, चूल आहे. दार…

दार उघडंय, ईरा! पलीकडचा जिना दिसतोय. सरळ चालत जाता येईल.

थांब. बोलू नकोस.

…

हात मांडीवर ठेवला. तेलाची वाटी कुठंय…

दहा.

…

वीस झाले बघ.

…

तीस. झाले तीस. दार सताड उघडं आणि हे बसलेत. किटलीची वाफ बघतायत. माझ्याकडे नाही, त्या चौकटीतल्या बाईकडे बघतायत, लबाड.

पस्तीस.

अगं, ठेवते आता. कुकर उतरवायचा राहिला, आणि यांना खरी कॉफी हवी असणार. तुम्ही दोघं रविवारी या. नाही, विचारत नाहीये, सांगतेय… सरी… हो, मोजे काढून यायला सांग त्याला. ठेव.

ठेव गं आधी तू. माझ्या हाताला तेल लागलंय.